सुमिएला आवडेल असा गुलाब

१० जानेवारी
आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाला शिस्त हवी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जन्मभर हेच सांगत आलो की किल्ली फिरवायच्या आधी कुठे जायचंय ते ठरवा.

सुमिए तिच्या ताईकडे गेली आहे, मात्सुएला. नव्या वर्षाचे पाहुणे पांगले, भांडी पुसून झाली, तेव्हा म्हणाली, "अहो, मी ताईकडे जाते." मी म्हटलं, जा. तिकडे बर्फ असतो, स्वेटर घे. इतका समजूतदार नवरा किती जणींना मिळतो? हिवाळ्याचे कपडे नेले, उन्हाळ्याचेही नेले. पॅकिंग तिला कधी जमलंच नाही. शिलाईचं मशीनही नेलं. ताईचं बिघडलं असणार.

१३ जानेवारी
मिसो सूप केलं. खारट झालं. उद्यापासून दुकानातला डबा. हा पराभव नव्हे, वेळेची बचत.

१७ जानेवारी, संध्याकाळ
मिनाकोचा फोन. आमची एकुलती मुलगी, ओकायामाला असते. म्हणाली, "बाबा, आई परत कधी येणार ते तुम्हाला सांगितलंय का तिने?" म्हटलं, बर्फ वितळला की. तिने तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आईचा त्या घरात जीव गुदमरतो, बाबा."

हे बरं झालं, मुद्दा हाती लागला. जीव गुदमरतो म्हणजे हवा नाही. घरापुढची अख्खी जागा काँक्रीटची, त्यावर माझी गाडी. पान नाही, फूल नाही. फुकुयामा हे गुलाबांचं गाव. इथे बसवर गुलाब, गटाराच्या झाकणावर गुलाब, मिठाईच्या खोक्यावर गुलाब. आणि गुलाब नाही तो फक्त आमच्या दारात. बिचारी! सांगायचं तरी.

निश्चय: गुलाबांची बाग. मे महिन्यात गावचा उत्सव असतो, तेव्हा फुलायलाच हवी. सुमिएला कळू द्यायचं नाही. सरप्राइज.

२० जानेवारी
नदीकाठच्या इसोबेबाईंच्या नर्सरीत गेलो. बाई सत्तरीच्या, आवाज लाउडस्पीकरसारखा. म्हटलं, एक नंबरचे गुलाब द्या. म्हणाल्या, "एक नंबर असं काही नसतं हो, सर. रंग बघायचा, वास बघायचा, फुलाची ठेवण बघायची. तिन्ही एकाच झाडात मागितलंत तर ते झाड पहिल्या पावसात आजारी पडतं. बाईसाहेबांना काय आवडतं?" म्हटलं, सगळंच. "सगळंच आवडणारी बायको अजून माझ्या दुकानात आली नाही," म्हणाल्या.

धंद्यातली माणसं फार बोलतात. कॅटलॉग घेऊन आलो.

२१ जानेवारी
रंगाचा पद्धतशीर विचार केला.

लाल: बाद. लाल दिसलं की थांबायचं, हे मी अर्ध्या गावाला शिकवलंय. मला ती यायला हवी आहे. पिवळा: सावकाश. नको, आधीच उशीर होतो आहे. हिरवा गुलाबही असतो म्हणे. फोटो पाहिला. मुळ्याच्या पाल्यासारखा दिसतो.

राहिला गुलाबी. तोच तिच्या आवडीचा. लग्नात किमोनोवर गुलाबी ओबी बांधला होता, म्हणजे कमरपट्टा. खात्री करायला अल्बम काढला. ओबी जांभळा निघाला. म्हणजे गुलाबीच्या शेजारचाच. पुढचा अल्बमही पाहिला, अजून पुरावा मिळेल म्हणून. सहलीच्या सगळ्या फोटोंत मी आहे, मिनाको आहे. सुमिए नाही. कॅमेरा तिच्याकडे असायचा. हात फार स्थिर तिचा, एकही फोटो हललेला नाही.

२५ जानेवारी
आता ठेवण. दोन प्रकार. एकात कळी मधोमध उंच, पाकळ्या कडेला वळलेल्या, देठ ताठ. दुसऱ्यात फूल पसरट, वाटीसारखं, पाकळ्यांची नुसती गर्दी, आणि ओझ्याने मान खाली. इसोबेबाई दुसऱ्याच्या बाजूने. "कमानीवर चढवा, खालून जाताना फूल वाकून तुमच्याकडेच बघतं." मी म्हटलं, मान खाली घालणारं फूल मला नको. सरळ बसणं महत्त्वाचं. सुमिए मशीनवर तासन्‌तास वाकून बसायची, तेव्हाही मी दर वेळी सांगायचो, पाठ सरळ. न चुकता सांगायचो. काळजी असल्याशिवाय कोण सांगतं?

"त्या काय म्हणायच्या?" बाईंनी विचारलं. मशीन चालू असताना काय ऐकू येणार.

२९ जानेवारी
काँक्रीट फोडायला माणसं आली. आवाजाने शेजारचे कुराता कुंपणाशी. म्हणाले, "काय सर, पाइप फुटला का?" म्हटलं, बाग करतोय, मिसेससाठी. कुरातांनी टोपी काढली, परत घातली. "त्या... बऱ्या आहेत ना?" ठणठणीत, म्हटलं, सुट्टीवर आहे.

गाडी भाड्याच्या जागेत, स्टेशनमागे. सोडून येताना उगाच मागे वळून पाहिलं.

३ फेब्रुवारी
आज घरातून भुतं हाकलायचा दिवस. दर वर्षी मी राक्षसाचा मुखवटा घालतो आणि सुमिए भाजलेले सोयाबीन मारते. फार जोरात मारते, असं मी गेल्या वर्षी दाखवून दिलं होतं. यंदा मुखवटाही मला आणि दाणेही मलाच. आरशासमोर उभं राहिलं की जमतं. "भुतं बाहेर, भाग्य आत" हळूच म्हटलं. एकट्याचा आवाज कुरातांना ऐकू गेला असता.

दाणे अजून सापडताहेत. आताच एक चपलेत.

१० फेब्रुवारी
वास हा सगळ्यात अवघड विषय. हिवाळ्यात गुलाब म्हणजे काट्यांची काडी, हुंगून काय कळणार? कॅटलॉगमध्ये शब्द आहेत: चहासारखा, लिंबासारखा, मसाल्याचा, पिकल्या फळाचा. सुमिएला यातला कुठला? तिचा खण उघडला. साबण किंवा अत्तर सापडलं असतं तर दिशा मिळाली असती. खण रिकामा. तळाला घातलेला कागदसुद्धा नवा. स्वच्छतेची आवड तिला पहिल्यापासून.

मिनाकोला फोन केला. आईला वास कुठला आवडतो? ती म्हणाली, "बाबा, तुमच्या गाडीत तो सेंट असायचा ना, आईला त्याने मळमळायचं." मग बोलली का नाही? "बोलली होती. म्हणून तर ती मागे बसून खिडकी उघडायची." मला तर वाटायचं, तिला मागे बसायला आवडतं. खिडकी मी पुढून बटण दाबून बंद करायचो. एसी वाया जातो.

"आईलाच विचारा ना सरळ," मिनाको म्हणाली. विचारलं तर सरप्राइज कसलं? आजच्या पिढीला एवढंही कळत नाही.

१५ फेब्रुवारी
खरेदी फायनल.

फर्स्ट प्राइझ: गुलाबी, कळी भरदार, देठ ताठ. नावातच निकाल आहे. पीस: पिवळ्याला गुलाबी कड. पिवळा मी बाद केला होता, पण नाव शांती, आणि घरात शांती हवी. आइसबर्ग: पांढरा, वास बेताचा, पण इसोबेबाई म्हणाल्या, सहसा मरत नाही. एक तरी न मरणारा हवा. ब्लू मून: फिकट जांभळा, वास सगळ्यात गोड, तब्येत सगळ्यात नाजूक. ओबीची आठवण म्हणून घेतला.

बाई म्हणाल्या, "चार झाडं, चारही वेगळ्या स्वभावाची. एकत्र कशी दिसतील याचा विचार केलाय का?" म्हटलं, कुटुंबातही तसंच असतं. यावर त्यांनी बिल पुढे सरकवलं.

१६ फेब्रुवारी, दुपार
लागवड झाली. घोड्याच्या लिदीचं कुजलेलं खत घातलं. हातमोजे फाटले. बोटात काटा मोडला आणि काढायला कुणी नाही. सुमिए सुईने काढायची, श्वास रोखून, दुखू न देता. मी तेव्हाही सांगायचो, सुई तिरकी धर.

काटा राहू दिला. आपोआप बाहेर येईल.

८ मार्च
कोंब फुटले, लालसर. ब्लू मून मागे आहे. त्याच्यासमोर उभा राहून समज दिली.

मात्सुएला फोन लावला. ताईंनी उचलला. "सुमिए क्लासला गेलीय." कसला क्लास? "तीच सांगेल." शिवणकामाचाच असणार. तिला सगळं येतं, तरी शिकायची हौस. परत फोन करायला सांगा म्हटलं. ताई म्हणाल्या, सांगते. ताईंचा आवाज पूर्वी इतका कोरडा नव्हता. वय झालं.

१५ मार्च
परत फोन आला नाही. तिकडे बर्फामुळे लाइन बिघडत असेल.

२ एप्रिल
नदीकाठी चेरी फुलली. लोक चटया टाकून जेवतात. मी गेलो नाही, बागेत काम होतं. खरं म्हणजे गेलो होतो. भाताचे दोन मुटके घेतले होते. दोन जणांपुरत्या जागेत एकट्याने बसणं सार्वजनिक शिस्तीला धरून नाही, म्हणून उठलो.

१२ एप्रिल
मावा. कोवळ्या कळ्यांवर हिरव्या किड्यांच्या रांगाच्या रांगा. इसोबेबाई म्हणाल्या, हाताने पुसून काढा, रोज. रोज पुसतो. एकेक कळी चिमटीत धरून, न मोडता. माणूस इतक्या नाजूकपणे काही करू शकतो, हे मलाही माहीत नव्हतं.

कुराता कुंपणापलीकडून बघत होते. म्हणाले, "सर, तुम्ही त्यांच्याशी बोलता का हो?" म्हटलं, फक्त सूचना देतो.

२३ एप्रिल
ब्लू मूनवर भुरी पडली. पानं पीठ सांडल्यासारखी. तरी एक कळी धरली आहे. बाकीचे तिघे जोरात. फर्स्ट प्राइझ तर छाती काढून उभा आहे.

बाग बघून सुमिए पहिलं वाक्य काय म्हणेल, याचा विचार करतो. "अहो, हे कधी केलंत?" मग मी काही नाही म्हणेन. नुसता हसेन. हसायचा सराव आरशासमोर केला. राक्षसाचा मुखवटा बरा होता.

६ मे
शेवटी सुमिएशी बोलणं झालं! तिनेच फोन केला. "पंधराला येते," म्हणाली. येते! स्वतःच्या तोंडाने. तिच्या आईचं लाकडी कपाट न्यायला असंही काहीतरी म्हणाली. कपाटाचं मात्सुएत काय काम? बायकांना थेट बोलायला संकोच वाटतो, काहीतरी निमित्त लागतं. मी ताणलं नाही. स्टेशनवर घ्यायला येतो म्हटलं. "नको, मी येईन," म्हणाली.

नवे टॉवेल आणले. तिची उशी उन्हात टाकली.

१५ मे, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.

सकाळी चारही झाडं फुलली होती. फर्स्ट प्राइझ हाताएवढा. पीसची कड बरोब्बर कॅटलॉगसारखी. ब्लू मूनचं एकच फूल, पण वास फाटकापर्यंत. केस कापून आलो होतो. मिनाको ओकायामाहून लवकर आली होती, सारखी घड्याळ बघत होती. म्हटलं, आईची गाडी किती वाजताची? मी तरी स्टेशनवर जातो. "बाबा, थांबा हो," म्हणाली.

कोपऱ्यावरून एक छोटा पांढरा ट्रक वळला. सिग्नल वेळेवर दिला. भिंतीलगत, एका झटक्यात, सरळ लागला. सवयीने मनात मार्क दिले. पूर्ण. मागे नवशिक्या चालकाचं हिरवं-पिवळं पानाचं चिन्ह चिकटवलेलं होतं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि सुमिए उतरली. केस आखूड कापलेले.

"रस्त्यावरच लावली," म्हणाली. "आत जागा राहिली नाही ना."

मी म्हटलं, "लायसन्स?"

"आहे हो. एप्रिलात मिळालं."

बऱ्याच वर्षांपूर्वी मी तिला दोन धडे दिले होते. तिसऱ्याच्या आधी म्हटलं होतं, तुला जमायचं नाही. सुरक्षेच्या दृष्टीने म्हटलं होतं. विचारलं, शिकवलं कुणी? "आहेत तिथे एक सर. फारसं बोलत नाहीत. चुकलं की खिडकीबाहेर बघतात, मग माझं मलाच कळतं." आणि हसली. मिनाकोही हसली. दोघींचं हसणं सारखं आहे, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

मग बाग. तिने सगळं पाहिलं, घाई न करता. पिशवी खाली ठेवून वाकली, प्रत्येकाचा वास घेतला. ब्लू मूनपाशी डोळे मिटले. "अगं बाई, किती छान," म्हणाली. नंतर म्हणाली, "सगळी कशी ताठ उभी आहेत! शाळेत रांगेत उभी केल्यासारखी." आणि परत हसली, चांगलं हसली. मी मन भरून कौतुक ऐकत होतो, आणि मध्येच लक्षात आलं की हे कौतुक दुसऱ्याच्या दारातल्या झाडांचं करतात तसं आहे.

चहा झाला. तिचा कप तिने स्वतः विसळला आणि कपाटात नाही, ओट्यावर पालथा ठेवला.

मिनाको वर कपाट रिकामं करायला गेली, तेव्हा सुमिए समोर बसली. म्हणाली, "मिनाकोने सांगितलं, हे माझ्यासाठी केलंत म्हणून. बोटं बघा काय झालीत. खरंच सुंदर झालंय. आणि म्हणूनच आज बोलते. नाही बोलले तर फुलांमुळे तुमचा गैरसमज होईल. मी येणार नाही, अहो. मात्सुएला भाड्याने खोली घेतलीय, खाली शिवणाचं दुकान आहे. मी तिथेच राहणार."

मी म्हटलं, काँक्रीट फोडलं मी.

"हो, बघितलं."

गाडी स्टेशनमागे ठेवली.

"हो."

मग विचारलं, "तुला यातला आवडला कुठला?" चार महिने विचारायचं राहिलं होतं ते. खरं तर जास्तच.

ती विचारात पडली. खरोखर विचार करत होती, खिडकीतून बघत. मग म्हणाली, "मला माहीत नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत, ते सोडा. मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता बघेन."

कपाट उतरवायला कुराता आले. तिघांनी उचललं. मी दोर बांधला. गाठ तिने तपासली आणि एक सोडून परत बांधली. बरोबर बांधली. निघताना फाटकाशी वाकून नमस्कार केला, पाहुणी करते तसा. "जेवत जा वेळेवर. सूपमध्ये मिसो शेवटी घालायचा, उकळू द्यायचा नाही." इंजिन सुरू झालं. मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "आरसा बघून काढ."

"बघितला," ती म्हणाली.

खरंच बघितला होता.

१६ मे
"आता बघेन," म्हणाली. बघेन म्हणजे विचार चालू आहे. पूर्ण नकार असता तर

पाऊस. पाणी घालायचं काम नव्हतं. मिनाको थांबते म्हणत होती, पाठवून दिली. जाताना तिने माझ्या बोटातला काटा काढला. डोळ्यांत पाणी आलं. सुई तिरकी धरली होती.

१८ मे, रविवार. उत्सवाचा दिवस
ऊन. रस्त्यावर सकाळपासून माणसं. उत्सवाला आलेले लोक गावातल्या घरांच्या बागा बघत फिरतात, दर वर्षीचंच आहे. आमच्या दाराशी यापूर्वी कोणी थांबलं नव्हतं. आज थांबले.

दुपारी हिरोशिमाहून आलेल्या काही बायका. मोठ्या टोप्या, छत्र्या, भरपूर गलका. मी बुडाशी तण काढत होतो. त्यांतली सगळ्यात वयस्कर, काठी टेकत आलेली, म्हणाली, "अहाहा! रंग बघा किती प्रेमाने निवडलेत. हा घरच्या बाईंचा हात, हो ना? पुरुषांना हे नाही जमत."

"हो," म्हटलं.

का म्हटलं, माहीत नाही.

"बोलवा ना त्यांना! फोटो काढू सगळ्यांचा." बाकीच्यांनीही धरलं. बोलवा, बोलवा. मी म्हटलं, बघतो. आत गेलो.

स्वयंपाकघरात उभा राहिलो. काही करण्यासारखं नव्हतं. कुणाला बोलवायला लागतो तेवढा वेळ थांबलो. मग आणखी थोडा, कारण हातातलं काम टाकून ती काही लगेच आली नसती. बाहेर येऊन म्हटलं, "झोपलीय जरा. सकाळपासून बागेत राबत होती."

सगळ्यांचे हात एकदम तोंडावर. गलका बंद. "अगं बाई, मघापासून किती ओरडतोय आपण," एकजण कुजबुजली. एकीने छत्री मिटली, आवाज होऊ नये म्हणून कापड मुठीत धरून. फोटो काढले, तेही चवड्यांवर उभं राहून. म्हातारी माझ्याजवळ आली आणि अगदी कानाशी म्हणाली, "उठल्यावर सांगा हं त्यांना, फार सुंदर आहे म्हणून."

"सांगतो," मीही कुजबुजलो.

कोपरा येईपर्यंत त्या तशाच गेल्या, हळूहळू, एकमेकींना गप्प करत. काठीसुद्धा टेकली नाही म्हातारीने, हातात धरली. मी खुरपं उचललं, आत आलो आणि दार अगदी सावकाश, आवाज न करता, सरकवून लावलं.